पुढचा ‘डेमन स्लेयर’ कोण?

हॉस्टेलमध्ये दोन प्रश्नांवर कधीच एकमत होत नाही. आज मेसमध्ये जी भाजी होती ती नक्की कशाची, आणि पुढचा मोठा अ‍ॅनिमे कुठला. पहिल्याचं उत्तर मेसच्या काकांनाही माहीत नसतं, तेव्हा तो सोडून देऊ. दुसऱ्यावर मात्र आमच्या विंगमध्ये वर्षभर जी भांडणं झाली ती ऐकून ऐकून म्हटलं, आपलं मत एकदाचं छापूनच टाकावं. म्हणजे निदान रात्री दोन वाजता दार वाजवून कोणी विचारायला नको. शिवाय मराठी विभागाला लेख मिळत नाहीत म्हणून संपादक महाशय सकाळी बादली घेऊन आंघोळीच्या रांगेत उभ्या असलेल्यांनाही सोडत नव्हते.

सर आणि मॅडम मंडळींसाठी आधी थोडी ओळख. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. जाडजूड साप्ताहिकांत आणि मासिकांत त्या क्रमशः छापून येतात, मग त्यांची पुस्तकं निघतात, आणि त्यातल्या नशीबवान कथांचे पडद्यासाठी अ‍ॅनिमे होतात. (कृपया ‘कार्टून’ म्हणू नका. आमच्याकडे या एका शब्दावरून रूम पार्टनर दोन-दोन दिवस बोलत नाहीत.) ही सगळी हल्लीच्या पोरांची थेरं आहेत असं वाटत असेल तर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा तो रामायणावरचा चित्रपट आठवा. जपानचे युगो साको आणि आपले राम मोहन यांनी मिळून केलेला. २४ जानेवारी २०२५ ला तो पुन्हा आपल्याकडच्या थिएटरांत लागला होता. तोही अ‍ॅनिमेच बरं का!

आता ‘मोठा’ म्हणजे किती मोठा ते ठरवू. २०१९ साली माकोतो शिनकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतात लागावा म्हणून इथल्या पोरापोरींना इंटरनेटवर सह्यांची मोहीम चालवावी लागली होती. हजारो सह्या जमल्या, तेव्हा कुठे ऑक्टोबरमध्ये तो थिएटरांत लागला. आणि १२ सप्टेंबर २०२५ ला ‘डेमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल’ आला तो जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू असा पाच भाषांत, आणि लोक पहाटेच्या शोला जाऊन बसले. (मराठीत आला नाही. त्यावर वेगळा लेख होईल, संपादकांनी पानं राखून ठेवावीत.) जगभरात त्या चित्रपटाने ६० कोटी डॉलरच्या वर धंदा केला. तेव्हा ‘पुढचा मोठा’ म्हणजे नुसता ‘बराय, बघ वेळ मिळाला तर’ छापाचा नव्हे. जो न बघणाऱ्यालाही नावाने ठाऊक असतो, ज्याची चित्रं फर्स्ट इयरच्या जर्नलवर आणि सलूनच्या काचेवर दिसतात, तो.

विंगमधली सर्वमान्य थिअरी अशी की फाइट भारी पाहिजे, हिरोचं बालपण दुःखात गेलेलं पाहिजे आणि व्हिलन हिरोपेक्षा देखणा पाहिजे. झाला हिट. मला ही थिअरी पटत नाही. या तिन्ही गोष्टी असलेल्या डझनभर मालिका दरवर्षी येतात आणि पुढच्या सेमिस्टरला त्यांचं नावही कोणाला आठवत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे : पुढचा हिट तोच होईल ज्याला वेळ मिळालाय. गोष्ट लिहिणाऱ्याला ती नीट लिहायला आणि स्टुडिओला ती नीट काढायला.

कसं ते सांगतो. आधी कागदाची बाजू.

शुएइशा या प्रकाशनसंस्थेचं ‘शोनेन जम्प’ १९६८ मध्ये सुरू झालं. ‘ड्रॅगन बॉल’, ‘वन पीस’, ‘नारुतो’, ‘ब्लीच’, ‘डेथ नोट’ ही सगळी याच घरची लेकरं. अंकासोबत एक कार्ड असतं. कुठल्या कथा आवडल्या ते वाचकाने त्यावर लिहून पाठवायचं. नव्या कथेला सुरुवातीच्या आठवड्यांतच कौल मिळाला नाही तर वीसेक प्रकरणांत गाशा गुंडाळावा लागतो. आपल्या युनिट टेस्टसारखंच, फक्त इथे एटीकेटी नाही. १९९४ च्या अखेरीस जम्पच्या एका अंकाच्या ६५ लाख ३० हजार प्रती निघाल्या होत्या. आज त्याचा पाचवा हिस्साही निघत नाही. पण वाचक आटले असं समजू नका, ते फोनवर गेले. २०१९ पासून ‘मांगा प्लस’ या अ‍ॅपवर नवं प्रकरण जपानबरोबरच आपल्याकडेही इंग्रजीत येतं, आणि चालू कथांची पहिली तीन व ताजी तीन प्रकरणं फुकटात वाचता येतात. आपल्या घड्याळात जम्पच्या प्रकरणांची वेळ रविवारी रात्री साडेआठ. रविवारी रात्री मेस बंद असते. तेव्हा वडापावच्या गाडीवर एका हातात फोन धरून गंभीर चेहऱ्याने उभी असलेली जी जनता दिसते ती नोट्स वाचत नसते, हे रेक्टर सरांनी लक्षात घ्यावं.

आता या यंत्राची दुसरी बाजू. साप्ताहिक मांगा म्हणजे दर आठवड्याला साधारण एकोणीस पानं. कथा, मांडणी, चित्रं, शाई सगळं धरून. हाताखाली मदतनीस असतात, पण डोकं एकाचंच. एइचिरो ओदा १९९७ पासून ‘वन पीस’ असा ओढतायत. योशिहिरो तोगाशी यांची ‘हंटर × हंटर’ १९९८ ला सुरू झाली. पाठीच्या दुखण्याने ती इतक्या वेळा थांबली की २०१८ नंतरचं पुढचं प्रकरण थेट २०२२ मध्ये आलं. ‘जुजुत्सु कायसेन’च्या गेगे आकुतामींना २०२१ मध्ये तब्येतीसाठी काम थांबवावं लागलं. आपण मात्र एखाद्या आठवड्याला ‘ब्रेक’ची पाटी दिसली की पहिली शिवी लेखकाला घालतो. स्वतः एक असाइनमेंट तीन आठवडे पुढे ढकलून!

पडद्याची बाजू तर आणखी बिकट. पूर्वी पद्धत अशी होती की मांगा चालू असतानाच अ‍ॅनिमे दर आठवड्याला, वर्षानुवर्षं, न थांबता. मग अ‍ॅनिमे मांगाला गाठायचा आणि वेळ काढायला मधे भरताड घालावी लागायची. ‘नारुतो’चे एकशे पस्तिसाव्या भागानंतरचे जवळजवळ सगळे, म्हणजे २२० पर्यंतचे भाग आठवा. (किंवा नका आठवू.) ‘फुलमेटल अल्केमिस्ट’चं तर याहून मजेशीर झालं. हिरोमु आराकावा यांची मांगा २००१ ला सुरू झाली, २००३ मध्ये अ‍ॅनिमे आला, आणि मांगा अर्ध्यातच असल्यामुळे अ‍ॅनिमेवाल्यांनी स्वतःचाच शेवट रचला. पुढे २००९ मध्ये ‘ब्रदरहूड’ नावाने सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं, ६४ भागांत. ते संपलं जुलै २०१० मध्ये, मूळ मांगाही त्याच सुमारास संपली होती. एकच गोष्ट, दोनदा. आज आमच्या विंगमध्ये कोणाला ‘सुरुवात कुठून करू?’ विचारलं तर दहापैकी आठ जण ‘ब्रदरहूड’ सांगतात. पहिली मालिका वाईट नव्हती हो! पण दुसरीला मूळ गोष्टीचा शेवट हातात असल्याचा फायदा मिळाला, आणि तो दिसतो.

‘अ‍ॅटॅक ऑन टायटन’चंही तसंच. पहिला सीझन २०१३ ला आला, वणवा पेटला, आणि दुसरा आला २०१७ मध्ये. चार वर्षं! तेवढ्यात इंजिनीअरिंग संपतं. (काहींचं.) पण त्या चार वर्षांत हाजिमे इसायामांची मांगा पुढे सरकली, तळघराचं रहस्य उघड झालं, आणि नंतरच्या सीझनांना भरताड घालायची गरज पडली नाही.

आणि आता खुद्द ‘डेमन स्लेयर’. कोयोहारु गोतोगे यांची ही मांगा फेब्रुवारी २०१६ मध्ये जम्पमध्ये सुरू झाली. (गोतोगे दिसतात कशा की कसे, कोणाला माहीत नाही, स्वतःचं चित्र म्हणून चष्मा लावलेली मगर काढतात.) तीन वर्षं ही कथा बरी चालली होती, बस. एप्रिल २०१९ मध्ये अ‍ॅनिमे सुरू झाला तेव्हा पुस्तकांच्या सगळ्या मिळून ३५ लाखांच्या आसपास प्रती निघाल्या होत्या. जपानच्या मानाने यात डोळे दिपण्यासारखं काही नाही. मग ऑगस्टमध्ये एकोणिसावा भाग आला. ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. ज्यांनी नाही पाहिला त्यांना सांगणार नाही. २०२१ च्या सुरुवातीला तोच आकडा १५ कोटींवर गेला होता. मांगा मे २०२० मध्ये २३ पुस्तकांत संपली, म्हणजे लोकप्रियता आकाशाला भिडली असताना लेखकाने गोष्ट ताणली नाही. त्याच ऑक्टोबरचा ‘मुगेन ट्रेन’ चित्रपट जपानात मियाझाकींच्या ‘स्पिरिटेड अवे’चा २००१ पासूनचा विक्रम मोडून गेला.

यात कथा किती आणि युफोटेबल या स्टुडिओची कारागिरी किती? बहीण-भावाची साधीसरळ गोष्ट आहे, राक्षस आहेत, तलवारी आहेत. असल्या कथा जम्पमध्ये पोत्याने येतात. पण एकोणिसाव्या भागातली ती तीन-चार मिनिटं घाईत काढता येत नाहीत. आपल्याला हे कळायला हरकत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री जीटी मारलेली शीट आणि वेळेत बसून काढलेली शीट यातला फरक सरांना दारातूनच कळतो की नाही?

उलटी उदाहरणं हवीत? ‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’चा २०१९ चा पहिला सीझन बघा आणि मग २०२१ चा दुसरा. मांगाचा भलामोठा भाग गाळून अकरा भागांत सगळं उरकलं. पहिला सीझन बघून आम्ही ज्या ज्युनियरांना ही मालिका गळ्यात मारली होती, ते अजून टोमणे मारतात. ‘वन पंच मॅन’चा २०१५ चा पहिला सीझन मॅडहाउसने काढला होता, पुढचे सीझन दुसऱ्या स्टुडिओकडे गेले आणि २०२५ चा तिसरा आला तेव्हा चाहत्यांनी त्याच्या हलत्या-न हलत्या चित्रांची जी टर उडवली ती मालिकेपेक्षा जास्त पाहिली गेली असेल. जुन्जी इतो यांच्या ‘उझुमाकी’ची घोषणा २०१९ ची, पडद्यावर आली २०२४ ला, भाग फक्त चार. पहिला भाग असा की लाइट बंद करून बघायची हिंमत होत नाही. दुसऱ्यापासून उतार. म्हणजे नुसती वर्षं जाऊनही भागत नाही, ती कामावर खर्च व्हावी लागतात.

इथे कोणी म्हणेल, घाईत केलेलंही हिट होतंच की. होतं. ‘जुजुत्सु कायसेन’चा २०२३ चा दुसरा सीझन तुफान चालला. पण तो चालू असतानाच त्यावर काम करणाऱ्या काही अ‍ॅनिमेटरांनी वेळापत्रकाबद्दल उघडपणे सोशल मीडियावर लिहिलं होतं. भाग प्रसारित व्हायच्या तोंडावर कामं चालू होती. शिबुयाचा तो सगळा विध्वंस आपण बिछान्यात पडून दीडपट वेगाने बघितला, आणि तिकडे तो काढणारी माणसं टेबलावर डोकं टेकून झोपायला मोकळी नव्हती. पैशाचं गणितही समजून घ्या. बहुतेक अ‍ॅनिमे ‘निर्मिती समिती’च्या पैशातून होतात. प्रकाशक, टीव्ही कंपनी, गाण्यांची कंपनी, खेळणीवाले वगैरे मिळून पैसा घालतात आणि नफा वाटून घेतात. स्टुडिओला बऱ्याचदा ठरलेली रक्कम मिळते. मालिका डोक्यावर घेतली गेली तरी त्याची कमाई वाढतेच असं नाही. त्यामुळे एकाच वेळी चार-चार कामं घ्यायची, आणि वेळ कुठल्यालाच पुरायचा नाही. आमच्या बॅचमधल्या दोघा-तिघांना डिग्रीनंतर अ‍ॅनिमेशनमध्ये जायचंय. त्यांच्यासाठी हा विषय गप्पांचा नाही.

‘सोलो लेव्हलिंग’ वाल्यांनो, तुमचं ऐकू येतंय मला. ती मुळात कोरियन, हे एक. आणि तिची मुख्य वेबटून २०२१ च्या शेवटी संपली, अ‍ॅनिमे सुरू झाला जानेवारी २०२४ ला. शेवट हातात ठेवून सुरुवात केली. मग माझ्याच बाजूचं उदाहरण झालं ना?

‘फ्रीरेन’ही त्याच रांगेतली. यामादा-आबे जोडीची ही कथा जम्पची नाही, शोगाकुकानच्या ‘शोनेन संडे’ची, एप्रिल २०२० पासूनची. राक्षसराजाला मारून झाल्यानंतर गोष्ट सुरू होते, आणि हजारो वर्षं जगणारी नायिका म्हाताऱ्या होऊन मरून गेलेल्या मित्राला आठवत हिंडते. आमच्या विंगच्या थिअरीप्रमाणे हे पडायला हवं होतं. पण मॅडहाउसने २०२३-२४ मध्ये त्याचे २८ भाग असे निवांत काढले की नुसतं चालणं, जेवणं, पाऊस बघणंसुद्धा लोक बघत बसले.

बरं, मग पुढचा कोण? आता नावं घेतो. ‘दांदादान’ घेत नाही, ऑक्टोबर २०२४ ला अ‍ॅनिमे आला तेव्हाच तो सगळ्यांच्या तोंडी झाला. झालेल्या लग्नाची पत्रिका छापण्यात अर्थ नाही. ‘साकामोतो डेज’ मला मांगात जितका आवडतो तितका पडद्यावर आवडला नाही, कारण कागदावर त्याच्या मारामारीत जी चपळाई आहे ती पडद्यावर जड झाली. ‘गाचिआकुता’चा विचार करावासा वाटतो. केई उराना यांची मांगा, २०२२ पासूनची. बोन्सचा अ‍ॅनिमे जुलै २०२५ मध्ये सुरू झाला. वर राहणारे श्रीमंत लोक नको ते सगळं एका खोल दरीत फेकतात, वस्तूही आणि गुन्हेगार ठरवलेली माणसंही. रुदो नावाच्या पोराला न केलेल्या खुनासाठी तिथे ढकलतात, आणि खाली कचऱ्यापासून झालेले राक्षस असतात. ज्या वस्तूला कोणीतरी जीव लावून वापरलंय ती वस्तू हत्यार बनते, ही कल्पना मला फार आवडते. आजोबांची सायकल अजून चालवणारा प्राणी आमच्या मजल्यावर आहे, त्याच्याशी भांडताना मी जपून असतो. भिंतींवरची ग्राफिटीही झकास. पण पात्रांची गर्दी इतक्या झपाट्याने वाढते की मधे पकड सुटते. चालेल, घराघरात नाही पोचणार.

आकड्यांवर पैज लावायची तर ‘कागुराबाची’. याची जन्मकथाच और आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये जम्पमध्ये पहिलं प्रकरण यायच्या आधीच, जेमतेम एखादं चित्र बघून, इंटरनेटवरच्या टवाळ पब्लिकने ‘जगातली सर्वश्रेष्ठ मांगा आली’ अशी चेष्टा सुरू केली. सगळ्यांना वाटलं, बिचारी वीस प्रकरणांत आटपेल. चेष्टा विरली, मांगा राहिली! २०२४ मध्ये ‘पुढे गाजणारी मांगा’ निवडायचा जपानात जो वाचकांच्या मतांचा पुरस्कार आहे, त्यात छापील विभागात तिचा पहिला नंबर आला. ताकेरु होकाझोनो यांची ही गोष्ट चिहिरोची. बाप नामांकित तलवार घडवणारा, त्याला मारून जादुई तलवारी पळवल्या, पोरगा त्या शोधत निघालाय. सुडाची जुनीच वाट, पण चित्रांची मांडणी सिनेमासारखी. कुठे काळं ठेवायचं, कुठे आवाज बंद करायचा, हे या माणसाला उपजत कळतं. तलवारीतून काळे-तांबडे गोल्डफिश पोहत निघतात ती पानं मी फोनवर नाही, मोठ्या स्क्रीनवर पाहिली, आणि शेजारच्याला उठवून दाखवली. एकच धोका : तलवारी आणि सूड म्हटलं की सगळे ‘डेमन स्लेयर’शी तुलना करणार, आणि तसं काहीतरी पटकन हवं म्हणून पैसेवाले घाई करणार. घाई झाली नाही तर ही मालिका थिएटरपर्यंत जाते.

पण माझी स्वतःची पसंती वेगळी आहे. ‘विच हॅट अ‍ॅटेलिए’. हसा, आधी हसून घ्या. टोप्या घातलेल्या चेटकिणींची मांगा, हाणामारी जवळजवळ नाही. कामोमे शिराहामा यांनी ती जुलै २०१६ मध्ये कोदान्शाच्या मासिकात सुरू केली. मासिकात, साप्ताहिकात नव्हे, हे चित्रांकडे बघितलं की कळतं. एकेक पान जुन्या पोथीतल्या नक्षीसारखं. २०२० मध्ये तिला अमेरिकेतला आयस्नर पुरस्कार मिळाला. अ‍ॅनिमे २०२५ मध्ये यायचा होता, तो दर्जा राखायचा म्हणून सरळ २०२६ वर ढकलला. ही घोषणा वाचून विंगमध्ये निषेधसभा झाली होती. मी एकटाच खूश.

गोष्ट अशी. कोको ही शिवणकाम करणाऱ्या बाईची मुलगी. सगळ्यांना वाटतं जादू जन्मजातच असावी लागते, बाहेरच्याला येत नाही. एकदा ती चोरून बघते तर काय, जादू चक्क काढतात! विशिष्ट शाई, लेखणी, मधे चिन्हं आणि भोवती वर्तुळ. वर्तुळ पूर्ण मिटलं की जादू चालू. रेष थरथरली, वर्तुळ वाकडं झालं की जादूही वेडीवाकडी. म्हणजे ज्याने पहिल्या वर्षी इंजिनीअरिंग ड्रॉइंगच्या शीटवर मिनी ड्राफ्टर सरकवत घाम गाळलाय त्याला ही मांगा कळायला वेळ लागत नाही. कोको न कळता एक मंत्र काढून बसते आणि तिची आई दगड होते. मग ती किफ्री नावाच्या गुरूकडे शिकायला जाते. तिथे बाकीच्या मुली लहानपणापासून याच वातावरणात वाढलेल्या. त्यांच्यातली आगोत तिला तोंडावर बाहेरची समजते आणि पहिल्याच दिवसांत तिला एका अवघड परीक्षेला पाठवून देते.

ही पानं वाचताना मला कोणती आठवण झाली असेल ते मराठी मीडियममधून आलेल्यांना सांगायला नको. पहिल्या सेमिस्टरला वर्गात बाकीचे माना डोलवत असतात आणि आपण ‘टॅन्जंट’ म्हणजे ‘स्पर्शिका’ हे मनातल्या मनात लावत बसतो, तोवर फळा पुसला जातो. कोकोकडे देवाने दिलेली गुप्त शक्ती निघत नाही. ती काढत बसते, चुकत बसते, आणि शिवणकामात शिकलेलं तिथे वापरते. ‘यांना मुळातच येतं आणि आपल्याला येणार नाही’ ही भीती जगातल्या प्रत्येक हॉस्टेलमध्ये आहे. म्हणून मला वाटतं, हळूहळू, दोन-तीन वर्षांत, ही मालिका तिथे पोचेल जिथे तलवारी पोचत नाहीत. आमच्या घरी माझ्या आत्याची मुलगी सातवीत आहे, तिला मी पहिलं पुस्तक दिलं. पुढच्या आठवड्यात तिच्या वहीत शेवटून वर्तुळं सुरू झाली होती.

जाता जाता ‘आकाने-बानाशी’. ही हिट होईल असं छातीवर हात ठेवून म्हणत नाही, व्हावी असं मात्र फार वाटतं. जम्पमध्येच, फेब्रुवारी २०२२ पासून. कथा युकी सुएनागा, चित्रं ताकामासा मोउए. विषय राकुगो. एक माणूस उशीवर गुडघे मोडून बसतो, हातात पंखा आणि एक छोटा पंचा, बास. सगळी पात्रं त्यानेच करायची, मान इकडे वळवली की नवरा, तिकडे वळवली की बायको. आकानेच्या बापाला सर्वोच्च पदवीच्या परीक्षेत मुख्य परीक्षकाने भरसभेत काढून टाकलं, आणि पोरगी आता तीच पदवी मिळवायला निघालीय. बाहेरच्या देशांत लोक म्हणतात, बसून बोलणाऱ्या माणसाची मांगा कोण वाचणार? ज्या भाषेत शंकर पाटील, मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकरांचं कथाकथन ऐकायला गावोगाव लोक जमायचे, पुलं एकट्याने ‘बटाट्याची चाळ’ उभी करायचे, त्या भाषेच्या वाचकाला यात काय अवघड आहे? उलट ती हिंदी डबिंगच्या आधी मराठीत यायला हवी.

तर मंडळी, माझी यादी छापील स्वरूपात तुमच्या हातात आहे. गर्दीसाठी ‘कागुराबाची’, माझ्यासाठी ‘विच हॅट अ‍ॅटेलिए’. पैज कटिंग आणि दोन वडापावची, मुदत पुढच्या वार्षिक अंकापर्यंत. बी विंग, दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताची तिसरी खोली. रविवारी साडेआठ ते नऊ सोडून कधीही या, आणि येताना पुढच्या प्रकरणात काय होतं ते सांगत येऊ नका.